गांडूळ मेलं नाही, एवढ्यानं भागत नाही

पेरणी जवळ आली की मला हमखास विचारतात, बियाण्याला जे औषध चोळतो त्यानं गांडूळ मरतं का गं? देपालपूरचे मामा विचारतात, मावशीचा जावई विचारतो, आणि रामबागेतल्या आमच्या जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा आता महूकडे शेती बघतो तो तर लेबलचा फोटोच पाठवतो आणि खाली लिहितो "ताई, चालेल का". मी इंदूरजवळच्या एका लॅबमध्ये मातीतल्या जीवांवर औषधांचा काय परिणाम होतो त्याच्या टेस्ट करते, त्यामुळे हे सगळे प्रश्न माझ्याकडे येणार हे ओघानंच आलं. पण फोनवर दोन मिनिटांत सांगून होत नाही म्हणून एकदा सविस्तर लिहिते, कारण मला वाटतं प्रश्नच थोडा बदलायला हवा. गांडूळ मरतं का हे विचारून फारसं काही कळत नाही. त्याला पिल्लं होतात का, आणि आधी होत होती तेवढीच होतात का, हे विचारायला पाहिजे.

असं का म्हणते ते सांगते. गांडुळांवरची जुनी टेस्ट आहे ती ओईसीडीची, म्हणजे अशा टेस्टचे नियम ठरवून देणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, १९८४ सालची, १४ दिवसांची. मातीत औषध मिसळायचं, मोठी गांडुळं सोडायची, सात दिवसांनी आणि चौदा दिवसांनी मोजायचं किती जिवंत आहेत. अर्धी गांडुळं मरायला किती औषध लागतं तो आकडा काढायचा, की झालं. आता शेतात कोणी एवढं औषध टाकतच नाही की अर्धी गांडुळं दोन आठवड्यांत मरून पडतील, तेव्हा बहुतेक औषधं यात आरामात पास होतात आणि मग दुकानदार सांगतो "एकदम सेफ है". तो खोटं बोलतो असं माझं म्हणणं नाही, त्याला जे सांगितलं गेलं ते तो सांगतो. पण न मरणं आणि ठीक असणं यात खूप अंतर आहे.

म्हणून नंतर दुसरी टेस्ट आली, ओईसीडी २२२, ती २००४ साली आली आणि २०१६ मध्ये तिच्यात सुधारणा झाली. ही ५६ दिवस चालते आणि हिच्यात शेवटी पिल्लं मोजतात. माझं मन खरं या टेस्टमध्ये आहे.

हिची तयारीच फार असते. आधी माती, म्हणजे शेतातली नाही, बनवलेली. १० टक्के पीट, म्हणजे दलदलीत साचलेला कुजका पालापाचोळा, २० टक्के केओलिन ही पांढरी चिकणमाती, साधारण ७० टक्के बारीक वाळू, आणि पीएच ६ च्या आसपास यावा म्हणून थोडं कॅल्शियम कार्बोनेट. जगात कुठेही टेस्ट केली तरी माती सारखी असावी आणि आकडे शेजारी शेजारी ठेवून बघता यावेत यासाठी हा खटाटोप. मग गांडुळं, आयसेनिया जातीची, म्हणजे गांडूळखताच्या बेडमध्ये असतात ती लाल. दोन महिने ते एक वर्ष वयाची, प्रत्येकाचं वजन २५० ते ६०० मिलिग्रॅमच्या मध्ये, आणि अंगावर तो जाडसर पट्टा आलेला असलाच पाहिजे, क्लायटेलम, कारण तो आला म्हणजे गांडूळ वयात आलं. एका डब्यात दहा. औषधाच्या प्रत्येक मात्रेचे चार डबे, आणि बिनऔषधाचे आठ. तापमान २० डिग्री, १६ तास उजेड, ८ तास अंधार. इंदुरात मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या पुढे असताना ती खोली २० वर ठेवायची म्हणजे लाईट गेली की जीव खालीवर होतो, जनरेटर सुरू झाल्याचा आवाज येईपर्यंत कोणी बोलत नाही.

आणि शेण. दर आठवड्याला प्रत्येक डब्यात साधारण ५ ग्रॅम वाळवलेलं बारीक केलेलं शेण टाकायचं, तेच त्यांचं खाणं, ओट्ससुद्धा चालतात पण आमच्याकडे शेणच. आता शेण काय, आपल्याकडे कुठेही मिळेल असं वाटतं, पण त्या गाईला जंताचं औषध दिलेलं नको. जंताचं औषध शेणात उतरतं आणि मग आपण बियाण्याचं औषध तपासतोय की गाईचं औषध तपासतोय तेच कळणार नाही. आमचे एक गवळीकाका आहेत सांवेर रोडला, त्यांना मी प्रत्येक वेळी विचारते, काका, गाईला गोळी दिली होती का, आणि ते प्रत्येक वेळी वहीत बघून तारीख सांगतात. अशी माणसं मिळाली म्हणून टेस्ट होते, हे कुठल्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं.

पहिले २८ दिवस मोठी गांडुळं औषधाच्या मातीत राहतात. या काळात ती जोडी लावतात, गांडूळ नर आणि मादी दोन्ही असतं तरी जोडीदार लागतो, आणि मग त्या पट्ट्यातून चिकट कडं तयार होतं, ते पुढे सरकत सरकत डोक्याकडून निघून जातं, जाताना त्यात अंडी आणि साठवलेलं वीर्य पडतं आणि दोन्ही टोकं बंद होतात. हा झाला कोकून. अठ्ठाविसाव्या दिवशी मोठी गांडुळं बाहेर काढून मोजायची, वजन करायचं, आणि कोकूनसकट माती परत डब्यात. पुढचे २८ दिवस फक्त पिल्लं बाहेर यायची वाट बघायची.

कोकून मी पहिल्यांदा नीट बघितला तो पेट्री डिशमध्ये दिव्यासमोर धरून. तीन-चार मिलिमीटरचा, लिंबासारखा, दोन्ही टोकांना जरा निमुळता. नवा असला की फिकट पिवळसर, आणि दिवस भरत आले की तपकिरी लालसर होत जातो. उजेडासमोर धरला तर आतलं पिल्लू दिसतं, आणि त्याच्या अंगातून जाणारी लाल रेघ, ती रक्ताची नळी, हलताना दिसते, मध्येच आत सगळं वळतं आणि मग परत थांबतं. एकाच कोकूनमध्ये कधी दोन, कधी तीन, कधी जास्त. आमच्याकडे नवीन मुलं ट्रेनिंगला येतात त्यांना मी गाइडलाइन वाचायला देण्याआधी हे दाखवते. एकदा ते बघितलं की मोजताना कोणी घाई करत नाही.

छप्पन्नाव्या दिवशी मोजणी. डबे ५० ते ६० डिग्रीच्या गरम पाण्याच्या वॉटर बाथमध्ये ठेवतात, खालून माती तापते तशी पिल्लं वर वर यायला लागतात आणि साधारण वीस मिनिटांत पृष्ठभागावर येतात, बारीक, पांढुरकी गुलाबी, दोऱ्याच्या तुकड्याएवढी. चिमट्यानं एक एक उचलायचं. डोळे दुखतात, मान आखडते, पण हे काम दुसऱ्यावर टाकायला मला आवडत नाही. बिनऔषधाच्या प्रत्येक डब्यात निदान ३० पिल्लं निघाली पाहिजेत, मोठी गांडुळं १० टक्क्यांपेक्षा जास्त मेलेली नकोत, आणि डब्याडब्यांतला फरक म्हणजे ज्याला सीव्ही म्हणतात तो ३० टक्क्यांच्या वर जायला नको. यातलं एक जरी चुकलं तर अख्खी टेस्ट बाद, मग औषधाच्या डब्यांत काय निघालं त्याला काही अर्थ नाही. मला हा नियम फार बरोबर वाटतो. ज्या लॅबची चांगली गांडुळं चांगल्या मातीतसुद्धा नीट वाढत नाहीत तिनं औषधाबद्दल बोलू नये.

आता मूळ मुद्दा. असं होऊ शकतं, आणि होतं, की औषधाच्या डब्यात दहाच्या दहा मोठी गांडुळं जिवंत, ठणठणीत, वजनही वाढलेलं. आणि पिल्लं निम्म्याहून कमी. कधी कधी तर वजन वाढतं ते त्यामुळेच, कोकून बनवायला जी ताकद जायची ती गेलीच नाही, अंगावर चढली. नुसतं मोठ्या गांडुळाकडे बघणारा म्हणेल वा, औषधानं तर तब्येत सुधारली. म्हणून मी म्हणते की मेलं का हा प्रश्न पुरत नाही. शेतात गांडूळ काही वर्षानुवर्षं तेच राहत नाही, पक्षी खातात, वखर लागतो, उन्हानं मरतात, त्यांची जागा पिल्लांनी भरायची असते. पिल्लं कमी झाली की दोन-तीन मोसमात जमीन रिकामी होते आणि तोपर्यंत औषधाचं नावही कोणाला आठवत नाही.

कार्बेन्डाझिम घ्या, आपल्याकडे बरेच लोक दुकानात बाविस्टिन म्हणून मागतात ते. हे बुरशीनाशक आहे, बुरशीच्या पेशी दुभंगताना आत जे धागे तयार व्हावे लागतात ते हे होऊ देत नाही म्हणून बुरशी वाढत नाही. पण पेशी दुभंगणं काही एकट्या बुरशीची मक्तेदारी नाही, गांडुळाचं वीर्य तयार होतानाही पेशी भराभर दुभंगतात. म्हणून तर या टेस्टमध्ये लॅबची गांडुळं नीट प्रतिसाद देतात की नाही हे बघायला कार्बेन्डाझिमच वापरतात, एक किलो कोरड्या मातीत १ ते ५ मिलिग्रॅमच्या दरम्यान पिल्लं स्पष्ट कमी झाली पाहिजेत असं गाइडलाइनच सांगते. ज्या औषधानं जगभरच्या लॅब आपली गांडुळं तपासून बघतात ते आपण बियाण्याला हातानं चोळतो, हे मला लोकांना माहीत असावंसं वाटतं. आणि हे फक्त डब्यातलं नाही. इंग्लंडमध्ये १९७० च्या दशकात सफरचंदाच्या बागांत बेनोमिल फवारत, ते मातीत गेल्यावर कार्बेन्डाझिमच होतं, तर तिथली गांडुळं इतकी घटली की पडलेली पानं खाली ओढून न्यायला कोणी उरलं नाही आणि झाडाखाली पानांचा थर साचायला लागला. इमिडाक्लोप्रिडसारखी कीटकनाशकं वेगळ्या वाटेनं जातात, ती नसांवर काम करतात, गांडूळ सुस्त होतं, बिळं कमी करतं, खातं कमी, आणि कोकूनही कमी.

हे सगळं ऐकून मामा म्हणाले, "अगं पण आम्ही टाकतो किती? किलोला दोन ग्रॅम." रास्त प्रश्न आहे, म्हणून आम्ही ओट्यावर बसून हिशेबच केला, तो इथे देते. सोयाबीनचं बियाणं हेक्टरी ७५ किलो धरू. किलोला २ ग्रॅम पावडर, ती ५० टक्केवाली, म्हणजे खरं औषध किलोला १ ग्रॅम, हेक्टरी ७५ ग्रॅम. एका हेक्टरची वरची ५ सेंटिमीटर माती, टेस्टच्या हिशेबात वापरतात तसा घनमीटरला दीड टन धरला तर, साडेसात लाख किलो. भागाकार केला की किलोला ०.१ मिलिग्रॅम. मामांचा चेहरा खुलला, कारण १ च्या दहापट खाली. पण औषध काही अख्ख्या शेतात सारखं पसरत नाही ना, ते बियाण्याबरोबर ओळीत जातं. दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, आणि औषध ओळीच्या ५ सेंटिमीटर पट्ट्यातच राहिलं असं धरलं तर जमीन नवव्या हिश्श्याएवढी आणि आकडा नऊपट, म्हणजे ०.९. हा झाला १ च्या अगदी उंबऱ्यावर. बियाण्याला चिकटलेल्या मातीत तर याच्याही वर. उलट बाजूही आहे, ओळींच्या मधली माती स्वच्छ राहते, गांडूळ तिकडे जाऊ शकतं, औषध हळूहळू तुटतं. म्हणजे सरासरी बघून निर्धास्त व्हायचं नाही आणि ओळीतला आकडा बघून घाबरायचंही नाही. पण किलोला दोनऐवजी अंदाजानं चार-पाच ग्रॅम पडलं तर हा सगळा हिशेब कोलमडतो, आणि अंदाजानंच टाकतात, हे मी डोळ्यानं बघितलंय.

आता मला सगळ्यात जास्त जे सलतं ते. आयसेनिया हे शेतातलं गांडूळ नाहीच. ते शेणखताच्या ढिगात राहणारं, लॅबमध्ये पटापट वाढतं म्हणून निवडलेलं. आपल्या शेतात सापडतात ती लॅम्पिटो मॉरिशी, मेटाफायर पोस्थुमा असली, ज्यांनी झूलॉजीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना पोस्थुमा फेरेटिमा या नावानं आठवेल. आणि अभ्यास असं सांगतात की शेतातल्या काही जातींच्या मानानं आयसेनिया औषधाला जास्त सहन करतं. मग माती. टेस्टची माती पीएच ६ ची, केओलिनची, दहा टक्के पीट असलेली. आणि माळव्याची काळी माती? पीएच आठच्या आसपास, पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी, आणि सेंद्रिय कर्ब बहुतेक शेतांत एक टक्क्याच्याही खाली. पीट औषधाला धरून ठेवतं, गांडुळापर्यंत कमी पोचू देतं. युरोपात याची दखल घेतलेली आहे, ज्या औषधांचा ओढा पाण्यापेक्षा तेलाकडे जास्त असतो त्यांचा टेस्टमधला आकडा ते अर्धा करून वापरतात, आणि वर शेतातली मात्रा त्या आकड्याच्या पाचपट खाली असावी असं बघतात. आपल्या मातीत चिकणमातीही भरपूर आहे, ती काही औषधं धरून ठेवेल, काही नाही, हे औषधागणिक बदलेल. म्हणून आपल्या काळ्या मातीत, आपल्या गांडुळावर, आपल्या पावसाळ्याच्या २६-२८ डिग्रीला ही टेस्ट व्हायला पाहिजे असं मी जिथे संधी मिळेल तिथे बोलते. लॅम्पिटोला लॅबमध्ये वाढवणं आयसेनियाइतकं सोपं नाही, वेळ लागतो, पैसे लागतात, मान्य आहे. पण ज्या इंदुरात १९२४ पासून अल्बर्ट हॉवर्ड यांनी इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत बसून कंपोस्टची पद्धत बसवली, जी आजही जगात इंदूर पद्धत म्हणून ओळखतात, आणि जिथे सोयाबीनची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथे हे होणार नाही तर कुठे होणार?

रिपोर्ट वाचणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट. रिपोर्टमध्ये एनओईसी असा आकडा असतो, म्हणजे ज्या मात्रेपर्यंत फरक दिसला नाही ती. हा आकडा तुम्ही कुठल्या मात्रा निवडल्या आणि डबे किती ठेवले यावर फार अवलंबून असतो, डबे कमी आणि डब्याडब्यांतलाच फरक जास्त असला की औषधानं पडलेला फरक दिसतच नाही. ईसी१० बघा, म्हणजे पिल्लं १० टक्के कमी करणारी मात्रा, तो जास्त प्रामाणिक आकडा आहे.

बीजप्रक्रिया बंद करा असं मी म्हणत नाहीये, हे मुद्दाम लिहिते कारण मागे एका नातेवाइकानं तसा अर्थ काढला. कोवळं रोप सडलं तर दुबार पेरणीचा खर्च कोण देणार, आणि पुढे उभ्या पिकावर फवारण्या वाढल्या तर मातीत जास्तच औषध जाईल. माझं म्हणणं एवढंच की मोजून घ्या, अंदाजानं नको, दोन-तीन औषधं एकत्र कालवताना प्रत्येकाची गरज आहे का ते विचारा. आणि दोन गोष्टी मात्र अजिबात करू नका. औषध चोळलेला ड्रम धुतलेलं पाणी उकिरड्यावर किंवा गांडूळखताच्या खड्ड्याजवळ ओतू नका, आणि पेरून उरलेलं औषधाचं बियाणं शेणखतात पुरू नका. शेतात जे नऊपट होतं ते तिथे किती पट होईल याचा हिशेब करायचीही गरज नाही, आणि तिथेच तर पुढच्या वर्षीच्या जमिनीसाठी गांडुळं वाढत असतात. मामांच्या गड्यानं हेच केलं होतं, पाणी खड्ड्यालगत ओतलं, आता ड्रमसाठी वेगळी जागा ठरवलीय.

या पावसाळ्यात मला एक करून बघायचंय. पळण्याची टेस्ट म्हणतो आम्ही तिला, फक्त ४८ तासांची. डब्यात मधोमध पट्टी लावायची, एका बाजूला साधी माती, दुसऱ्या बाजूला औषधाची, पट्टी काढून मधल्या रेषेवर दहा गांडुळं ठेवायची आणि दोन दिवसांनी बघायचं कोण कुठे आहे. दहातली आठाहून जास्त साध्या मातीत गेली तर ती दुसरी माती राहण्यालायक नाही असं धरतात. ही पिल्लांच्या टेस्टची जागा घेऊ शकत नाही, नसांवरच्या औषधानं गांडूळ सुस्त झालं तर ते पळणारच नाही आणि आपण फसू, पण हिला २० डिग्रीची खोली सोडली तर फारसं काही लागत नाही आणि काळ्या मातीत, शेतातल्या गांडुळावर लगेच करता येते. त्यासाठी मला माती पाहिजे. देपालपूर, सांवेर, महू, कुठलीही चालेल, पण अशा तुकड्याची जिथे गेली काही वर्षं औषध पडलेलं नाही, बांधालगतची किंवा पडीक. वरची चार बोटं माती, दगड-मुळं काढून, सावलीत वाळवून, कापडी पिशवीत, आणि सोबत चिठ्ठी की आधी तिथे काय पेरलं होतं. चांगला पाऊस झाल्यावर त्याच जागी एक वीत लांब, एक वीत रुंद, एक वीत खोल खड्डा खणून माती ताडपत्रीवर पसरा आणि हातानं चिवडून जेवढी गांडुळं सापडतील तेवढी मोजून तेही चिठ्ठीत लिहा, लहान वेगळी, पट्टा आलेली मोठी वेगळी. एकही नाही सापडलं तर तसंही लिहा, तेही मला हवंय.